पदर उलटून पाहताना : फ्रेंच शातो आणि त्यांच्या आजच्या नकला

बंगल्यांच्या जाहिरातींत ‘फ्रेंच शैली’ हे शब्द हल्ली इतक्या सहजपणे वापरले जातात की त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न कुणाला पडेनासा झाला आहे. चित्रात दोन टोकदार मनोरे असतात, राखाडी उतरते छप्पर असते, दारापुढे कारंजे असते आणि खाली ठळक अक्षरांत किंमत असते. हे वेड फक्त आपल्याकडचे आहे असे मात्र नाही. २०१५ साली फ्रान्समधल्या व्हर्सायजवळच्या लुव्हसिएन येथील ‘शातो लुई चौदावा’ (शातो म्हणजे ढोबळमानाने फ्रेंच किल्ला किंवा वाडा) नावाची वास्तू सुमारे २७.५ कोटी युरोंना विकली गेली आणि जगातील सर्वांत महागडे घर म्हणून तिची सर्वत्र चर्चा झाली. सतराव्या शतकातली वाटणारी ही वास्तू प्रत्यक्षात २००८ ते २०११ या काळात बांधलेली होती, म्हणजे विकली गेली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती.

चार वर्षांच्या इमारतीला शातो म्हणावे का? म्हणायचे नसेल, तर ते केवळ वयामुळे की आणखी कशामुळे? खरी पैठणी ओळखायची झाली तर जाणकार बाई पदर उलटून पाहते. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, कारण तो कापडावर काढलेला नसून कापड विणतानाच धाग्यात धागा गुंतवून घडलेला असतो. छापील साडीच्या मागे मात्र नुसता फिकट डाग असतो. इमारतीचाही पदर असाच उलटून पाहता येतो. त्यासाठी मोर कापडात कसा आला, एवढे आधी समजून घ्यावे लागते.

किल्ला, गढी आणि वाडा यांसाठी एकच शब्द

‘शातो’ हा शब्द किल्ला या अर्थाच्या ‘कास्तेल्लुम’ या लॅटिन शब्दावरून आला. आपल्याकडे किल्ला, गढी आणि वाडा असे तीन वेगळे शब्द आहेत आणि ऐकणाऱ्याच्या मनात तिन्हींची चित्रे वेगळी उमटतात. फ्रेंचांनी हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले आहेत. लढाईसाठी बांधलेल्या किल्ल्याला ते ‘शातो फोर’, म्हणजे मजबूत शातो, म्हणतात. पण शिकारीसाठी किंवा विश्रांतीसाठी बांधलेला, तटबंदी नसलेला आलिशान वाडाही शातोच असतो, आणि द्राक्षमळ्याच्या मधोमध असलेले मालकाचे साधे दुमजली घरसुद्धा शातोच. त्यामुळे ‘शातोसारखे घर’ असे कुणी म्हणाले की कोणत्या शातोसारखे, हे विचारावे लागते. जाहिरातीतल्या चित्रात बहुधा तिन्हींचे तुकडे एकत्र आलेले असतात : मनोरे किल्ल्याचे, खिडक्या वाड्याच्या आणि आकारमान मळ्यातल्या घराचे.

प्रत्येक आकारामागे एक भीती

दहाव्या-अकराव्या शतकातला सुरुवातीचा शातो म्हणजे मातीचा उंच ढिगारा, त्यावर लाकडी मनोरा आणि भोवती खंदक व कुंपण. लाकूड पेटते, म्हणून हळूहळू मनोरा दगडाचा झाला. मधल्या या मुख्य मनोऱ्याला ‘दोंजों’ म्हणतात. आपला बालेकिल्ला एकाच इमारतीत उभा केला तर जे होईल ते. लोश येथील अकराव्या शतकातला दोंजों अजून उभा आहे. तो सुमारे ३६ मीटर उंच आणि चौकोनी आहे.

पुढे बुरूज गोल झाले, ते शोभेसाठी नव्हे. चौकोनी बुरुजाचा कोपरा हा त्याचा मर्मबिंदू असतो : वेढा घालणारे लोक कोपऱ्याखाली सुरुंग खणून तो कोसळवू शकतात, आणि कोपऱ्याच्या अगदी पुढ्यात उभा असलेला शत्रू वरच्या पहारेकऱ्याला दिसत नाही. गोल बुरुजाला कोपरा नसतो आणि त्यावर आदळलेला दगड बाजूला घसरतो. फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट याच्या कारकिर्दीत, बाराव्या शतकाच्या अखेरीपासून, ही पद्धत सर्वत्र रुळली. तेराव्या शतकात कुसी येथे उभारलेला दोंजों तर ५० मीटरांहून उंच आणि ३० मीटरांहून अधिक व्यासाचा होता. तळाशी त्याच्या भिंतीची जाडी सात मीटरांच्या घरात होती. साधा टू-बीएचके फ्लॅट आडवा मावेल एवढी ती भिंत. १९१७ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो दारूगोळ्याने उडवून दिला.

बाकीच्या खुणांचेही तसेच आहे. भिंतीतल्या अरुंद उभ्या फटी म्हणजे आपल्या किल्ल्यांवरच्या जंग्या. बाहेरून बोटभर दिसणारी फट आतून रुंद होत जाते, म्हणजे बाण मारणाऱ्याला हात हलवायला जागा मिळते. तटाच्या माथ्यावरचा दातेरी कठडा म्हणजे चर्या. कठडा कधी कधी दगडी टेकूंवर भिंतीच्या बाहेर काढलेला असतो आणि त्याच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात, ज्यांतून भिंतीच्या बुडाशी आलेल्या शत्रूवर दगड टाकता यावेत. या झुकत्या कठड्याला ‘माशिकुली’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे फार गमतीदार हाल झाले.

तोफ आली आणि किल्ला मोकळा झाला

१४५३ साली कास्तियोंच्या लढाईत फ्रेंच तोफखान्याने इंग्रजांचा धुव्वा उडवला आणि शंभर वर्षांचे युद्ध संपले. तोफेपुढे उंच भिंत म्हणजे मोठे लक्ष्य, एवढाच अर्थ उरला. खऱ्या संरक्षणासाठी बुटके, रुंद, मातीने भरलेले तट बांधणे सुरू झाले, आणि श्रीमंतांच्या घराला तटबंदीची गरज उरली नाही. त्यातच १४९४ पासून फ्रेंच राजे इटलीवर स्वाऱ्या करू लागले. तिथली रुंद खिडक्यांची, सज्जांची आणि आखीव बागांची घरे पाहून परतलेल्या सरदारांना आपले अंधारे दोंजों नकोसे झाले असतील तर नवल नाही.

आता तर्क असे सांगतो की बुरूज, खंदक आणि माशिकुली यांना निरोप मिळायला हवा होता. तसे झाले नाही, आणि या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट मला हीच वाटते. ल्वार नदीच्या खोऱ्यातील आझे-ल-रिदो हा शातो १५१८ पासून बांधला गेला. त्याच्या कोपऱ्यांवर नाजूक टोकदार मनोरे आहेत, तीन बाजूंनी पाणी आहे आणि छपराखाली माशिकुलीची रांगही आहे. फक्त त्या माशिकुलीतून कुणावर दगड पडण्याची शक्यता नाही. ती नक्षी आहे. हा शातो बांधणारा जिल बेर्तलो हा लढवय्या सरदार नव्हता, तो राजाच्या खजिन्यावरचा अधिकारी होता. जवळच्याच शनोंसो येथील शातो बांधणारा तोमा बोइए हाही राजाचा अर्थ-अधिकारी होता. नव्याने पैसा आलेल्या या मंडळींना बुरूज हवा होता तो लोकांनी आपल्याला जुन्या घराण्यातले समजावे म्हणून. पुढे हिशेबांच्या चौकशीचा ससेमिरा लागल्यावर बेर्तलोला पळून जावे लागले, आणि बोइएच्या मुलाला कर्जापोटी शनोंसो राजाच्या हवाली करावा लागला. नवश्रीमंताने बुरूज लावून घर बांधणे आणि हिशेबात अडकणे, ही गोष्ट पाचशे वर्षे जुनी आहे.

शांबॉर : राजानेच केलेली नक्कल

१५१९ साली राजा पहिला फ्रान्स्वा याने शांबॉर या ल्वार खोऱ्यातल्याच शातोचे काम सुरू केले. मधोमध सुमारे ४४ मीटर बाजूचा चौकोनी दोंजों, चार कोपऱ्यांना चार जाडजूड गोल बुरूज, भोवती आवार. आराखडा पाहिला तर हा मध्ययुगीन किल्लाच आहे. पण या बुरुजांना मोठमोठ्या खिडक्या आहेत, आणि प्रत्येक बुरुजात लढवय्यांऐवजी पाहुण्यांसाठी राहण्याच्या खोल्या आहेत. मध्यभागी प्रसिद्ध जुळा जिना आहे : एकाच गाभ्याभोवती दोन स्वतंत्र जिने गुंफून वर चढतात, त्यामुळे चढणारा आणि उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून पाहू शकतात, पण समोरासमोर येत नाहीत. त्याची कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी असे मानले जाते. तो त्याच साली आंब्वाझ येथे वारला.

वर गच्चीवर गेले की धुराड्यांचे, मनोऱ्यांचे आणि कळसांचे जणू एक गावच भेटते. पांढऱ्या दगडावर काळ्या पाटीच्या दगडाचे गोल आणि चौकटचे एक्के बसवलेले आहेत. इटलीत अशी नक्षी रंगीत संगमरवरात करतात. इथे संगमरवर नव्हता, म्हणून कारागिरांनी स्थानिक पाटी कापून त्याचा भास निर्माण केला. आराखडा किल्ल्याची नक्कल आणि नक्षी इटलीची नक्कल, अशी ही फ्रान्समधली सर्वांत ‘अस्सल’ वास्तू आहे. तिला २८२ शेकोट्या आहेत. आणि ज्या राजाने ती बांधली, त्याने बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत तिथे एकूण सुमारे ७२ दिवस काढले.

१४ ऑक्टोबर १६७० रोजी याच शांबॉरमध्ये राजा चौदाव्या लुईसमोर नाटककार मोलिएरच्या एका नव्या प्रहसनाचा पहिला प्रयोग झाला. त्याचा विषय होता उमरावांची नक्कल करू पाहणारा श्रीमंत व्यापारी. ज्या भिंतींमध्ये दरबार त्या व्यापाऱ्याला हसला, त्या भिंतींना स्वतःकडे पाहून हसण्यासारखे बरेच होते.

मग फरक कुठे आहे?

मूळ वास्तूच जर नक्कल असेल, तर आजच्या नकलेला नावे कशी ठेवायची, असा आक्षेप इथे येणारच, आणि तो रास्त आहे. आकाराची नक्कल हा दोष धरला तर शांबॉरही बाद होईल. फरक आकारात नाही. तो आकार कशाचा बनलेला आहे, त्यात आहे.

ल्वार खोऱ्यातला बहुतेक प्रत्येक शातो ‘त्युफो’ नावाच्या पांढऱ्या चुनखडीचा आहे. हा दगड पुरातन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा असून त्याच्या घनफळातला ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग सूक्ष्म छिद्रांचा असतो. खाणीतून ओला काढलेला त्युफो इतका मऊ असतो की साध्या हातकरवतीने कापता येतो. हवा लागल्यावर पाणी निघून जाते आणि पृष्ठभाग टणक होतो. दगड नावांतून नदीमार्गे बांधकामावर जाई, आणि तो काढून झालेल्या गुहांत आजही अळिंबी पिकवतात आणि वाइन मुरवतात. दगड मऊ, म्हणून नक्षी भरपूर. दगड सच्छिद्र, म्हणून भिंत जाड. भिंत जाड, म्हणून खिडकी खोल. खिडकीशी उभे राहिले तर चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना समोरासमोर दगडी बाके करता येतील एवढी जागा मिळते, आणि दुपारच्या उन्हात बाहेरून पाहिले तर प्रत्येक खिडकीच्या वरच्या कडेखाली सावलीची जाड काळी रेघ पडते. शातोच्या दर्शनी भागाला जो भारदस्तपणा येतो, तो बराचसा या सावलीचा आहे.

छपराचेही तसेच. आंजे शहराजवळच्या खाणींतून पाटीचा दगड निघे. शाळेत आपण ज्यावर पेन्सिलीने लिहायचो, तोच हा दगड. त्याच्या पातळ चिपा एकीवर एक अशा खिळ्यांनी ठोकतात. दोन चिपांमधल्या फटीतून वाऱ्याने पाणी वर ढकलले जाऊ नये म्हणून उतार तीव्र ठेवणे सोयीचे असते. कोकणातले कौलारू छप्पर गच्चीसारखे सपाट का नसते, याचे जे उत्तर आहे तेच इथे लागू पडते. उतार तीव्र झाला की छपराखाली मोठा माळा मिळतो, माळ्यात माणसे राहू शकतात, आणि त्यांना उजेड हवा म्हणून छपरातून खिडक्या बाहेर काढाव्या लागतात. म्हणजे चित्रात शोभेची वाटणारी ती छोटी खिडकी कुणातरी दासीच्या खोलीची असते.

सतराव्या शतकातला वास्तुकार फ्रान्स्वा मांसार याच्या नावाने ओळखले जाणारे ‘मांसार छप्पर’ हे याचेच पुढचे पाऊल. त्यात खालचा उतार जवळजवळ उभा आणि वरचा अगदी सौम्य असतो, त्यामुळे माळ्याचा पूर्ण मजलाच होतो. पुढे पॅरिसमध्ये १७८३ च्या नियमाने इमारतींची उंची छज्जाच्या पातळीपर्यंत मोजून मर्यादित केली, तेव्हा छपरात दडलेला हा मजला मालकांना फारच प्रिय झाला. एफएसआयच्या, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येते त्या मर्यादेच्या, हिशेबात एकेकाळी न धरल्या जाणाऱ्या बाल्कन्या आणि पोटमाळे ज्यांनी पाहिले आहेत, त्या पुणे-मुंबईच्या वाचकांना यापेक्षा जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

नकलेचा पदर

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यातील बिल्टमोर हे आधुनिक नकलेचे सर्वांत गाजलेले उदाहरण. जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनाढ्यासाठी रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुकाराने १८८९ ते १८९५ या काळात ते उभारले. ब्ल्वा, शनोंसो आणि शांबॉर येथील शातोंवरून त्याची प्रेरणा घेतली आहे. २५० खोल्या, ६५ शेकोट्या, सुमारे १ लाख ७९ हजार चौरस फूट. ब्ल्वाचा प्रसिद्ध गोल जिना बाजूंनी उघडा आहे, बिल्टमोरचा मात्र काचबंद. भिंतींना चुनखडी आहे, पण तिच्या मागे विटा आणि छपरात पोलाद आहे. वीज, उद्वाहक आणि मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था पहिल्यापासून आहे. तरीही पदर उलटला तर फारसे काही लोंबत नाही. बांधकामासाठी जागेवरच विटांची भट्टी लावली होती आणि सामान आणायला खास लोहमार्ग टाकला होता. भिंत जाड आहे, खिडकी खोल आहे, बुरुजात खोल्या आहेत. ही नक्कल आहे, पण विणलेली.

भारतातले जवळचे उदाहरण कपूरथळ्याचे. महाराजा जगतजीत सिंह यांनी व्हर्साय आणि फोंतेनब्लो हे फ्रेंच राजवाडे डोळ्यांसमोर ठेवून आलेक्सांद्र मार्सेल या फ्रेंच वास्तुकाराकडून आपला राजवाडा करून घेतला. १९०८ साली तो पूर्ण झाला आणि आज तिथे सैनिकी शाळा भरते.

खरी घसरण त्यानंतरची आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेच्या उपनगरांत ‘फ्रेंच’ घरांची जी लाट आली, तिच्यात लाकडी पट्ट्यांचा हलका सांगाडा उभारतात, त्यावर फळ्या ठोकतात, फळ्यांवर थर्माकोलसारख्या फेसाळ प्लास्टिकचे तक्ते चिकटवतात आणि वरून गिलाव्याचा पातळ थर देतात. भिंत वीतभर जाड. खिडकी तिच्यात खोल बसत नाही, ती जवळजवळ बाहेरच्या पातळीवर येते, आणि सावलीची ती काळी रेघ नाहीशी होते. दर्शनी भाग छापील चित्रासारखा का दिसतो, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. पण कारण तेवढेच असते. छप्पर कारखान्यातून आलेल्या तयार कैच्यांवर उभे राहते, त्यामुळे त्याच्या आत आडव्या-तिरप्या लाकडांचे जाळे असते आणि माळाच नसतो. माळा नाही तर माळ्याच्या खिडक्या कशाला? तरीही त्या लावतात, आणि आतला काळोख दिसू नये म्हणून कधी कधी काचेला आतून काळा रंग देतात. बुरुजात जिना नसतो. तिथे दोन मजली पोकळी आणि एक झुंबर असते.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका नव्या वसाहतीच्या प्रवेशद्वारापाशी कुणाची तरी वाट पाहत उभा असताना मी बाजूच्या भव्य ‘दगडी’ खांबावर सहज टकटक केली. आवाज पत्र्याच्या रिकाम्या डब्यासारखा आला. खांबाच्या बुडाशी, जिथे बागेची पाण्याची नळी रोज घासत असावी, तिथे रंगाची कपची उडाली होती आणि आत थर्माकोलचे पांढरे मणी दिसत होते. पहारेकऱ्याने मला हटकले नाही. त्यानेही ते भोक बोटाने बरेच मोठे केलेले असावे, असा मला संशय आहे.

लहान केला की बिघडतो

यात प्रमाणाचा एक घोळ आहे, आणि तो पैसा ओतूनही सुटत नाही. शांबॉरचा कोपऱ्यातला एक बुरूज सुमारे २० मीटर व्यासाचा आहे. चार हजार चौरस फुटांच्या बंगल्याला तो बसवायचा तर तीन मीटरांवर आणावा लागतो. पण माणूस त्या प्रमाणात लहान होत नाही. पंगत दोघांचीच असली तर पातेले लहान चालते, घास मात्र तेवढाच राहतो. तसेच दाराची उंची, पायरीची उंची आणि खिडकीचा कठडा या गोष्टी माणसाच्या मापाला बांधलेल्या असतात. तीन मीटरांच्या बुरुजाला माणसाच्या मापाची खिडकी लावली की बुरूज संपतो आणि फक्त खिडकी उरते. म्हणून नकली शातोचे मनोरे पेन्सिलीसारखे आणि खिडक्या दुकानाच्या काचेसारख्या दिसतात.

‘पण सिमेंट आणि लोखंड जास्त मजबूत नाही का?’

भार पेलण्याच्या बाबतीत निःसंशय आहे. वीस मजली इमारत त्युफोची बांधता येणार नाही. प्रश्न पाण्याचा आहे. दगड आणि चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. ती जाड असल्यामुळे ओल आतपर्यंत पोहोचण्याआधी बाहेरच वाळते. अशा भिंतीच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले तर सांध्याची वाट बंद होते, पाणी दगडातच अडकते, आणि मऊ दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करणारे सिमेंटला घाबरतात ते यामुळे.

चिकटवलेल्या भिंतीत उलट घडते. तिचा सगळा भरवसा पाणी आत येऊच न देण्यावर असतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून ते कधी ना कधी येतेच. १९९० च्या दशकाच्या मध्याला, बिल्टमोर ज्या राज्यात आहे त्याच उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात, फेसाळ तक्ते आणि पातळ गिलावा लावलेल्या अनेक घरांच्या भिंती उघडल्यावर आतले लाकूड कुजलेले सापडले. बाहेरून घरे टवटवीत होती, काही तर नुकतीच बांधलेली. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, एवढेच त्याचे कारण होते.

‘जुन्या शातोत राहणे तरी कुठे सुखाचे होते?’

नव्हतेच. १६९५ च्या फेब्रुवारीत व्हर्साय येथे राजाच्या मेजावरच्या पेल्यांत वाइन आणि पाणी गोठल्याचे चौदाव्या लुईच्या भावजयीने पत्रात लिहून ठेवले आहे, आणि ही जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाच्या घराची कथा. शांबॉर तर मुळात कायमचे राहायला बांधलेलाच नव्हता. दरबार येताना पलंग, पडदे आणि भांडी गाड्यांवर घालून आणी व जाताना परत नेई. फर्निचरला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘हलवता येणारे’ असा आहे. त्यामुळे उष्णतारोधक भिंत, दुहेरी काच आणि स्वच्छतागृह हवे म्हणणाऱ्या आजच्या घरमालकाला दोष देता येत नाही. माझी तक्रार सोयींबद्दल नाही, कारण बिल्टमोरमध्येही ४३ न्हाणीघरे आहेत. ज्या खिडकीमागे खोलीच नाही, त्या खिडकीने कुणाची सोय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

‘मग आज अस्सल बांधताच येणार नाही का?’

येते, आणि फ्रान्समध्येच दोन टोकांची उदाहरणे आहेत. बुर्गोन्य प्रांतातल्या गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकातला किल्ला तेराव्या शतकातल्याच साधनांनी बांधला जात आहे. दगड जागेवरच्या खाणीतला, लाकूड भोवतालच्या रानातले, आणि ओझे वर चढवण्यासाठी एक मोठे लाकडी चाक, ज्याच्या आत माणूस खारीसारखा चालत राहतो. प्रेक्षकांच्या तिकिटांवर खर्च चालतो. एका किल्ल्याला पाव शतकाहून अधिक काळ लागला हे ऐकून हसू येईल; पण २०१९ च्या आगीत पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर जळाले, तेव्हा ओल्या ओकचे वासे कुऱ्हाडीने तासणारे हात लागले, आणि गेदलोंमध्ये तयार झालेले सुतार तिथे कामाला आले.

दुसरे टोक म्हणजे आरंभी उल्लेखलेला लुव्हसिएनचा शातो. त्याचे काम पत्र्याच्या डब्यासारखे नाही. वो-ल-विकोंत या १६६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या प्रख्यात शातोवरून प्रेरणा घेऊन, कुशल कारागिरांकडून ते करून घेतले आहे. सोबत कारंजी, दिवे आणि वातानुकूलन मोबाइलवरून चालवण्याची सोय आहे. बीजिंगजवळचा झांग लाफित हाही याच जातीचा : मांसारने सतराव्या शतकात बांधलेल्या मेझों-लाफित येथील शातोची ती जवळजवळ हुबेहूब प्रत आहे, आणि तिच्यासाठी दगड फ्रान्समधल्या शांतीयीहून आणला होता. या दोन्हींचा पदर उलटला तर धागे बऱ्यापैकी नीट सापडतील. ज्यांना त्या आवडत नाहीत, त्यांची तक्रार विणकामाबद्दल नसून नक्षी जुनी असल्याबद्दल आहे, आणि ती तक्रार शांबॉरबद्दलही करता आली असती.

‘जुनी झाली की नक्कलही अस्सल होते का?’

याचे उत्तर पिएरफोंने दिले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरचा हा किल्ला सतराव्या शतकात पाडून टाकला गेला होता. १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराला तो पुन्हा उभारायला सांगितले. या गृहस्थाचे मत असे होते की जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णत्वाला नेणे, जे कदाचित पूर्वी कधीच नव्हते. त्याने तसेच केले : बुरूज मध्ययुगाचे, आतली नक्षी बरीचशी स्वतःच्या मनातली. दक्षिण फ्रान्समधल्या कारकासोन या शहराच्या तटबंदीवर त्याने पाटीच्या दगडाची टोकदार छपरे चढवली, तेव्हा दक्षिणेत अशी छपरे नसतातच म्हणून टीकेची झोड उठली. पुढे त्यांतली काही बदलून कौलेही घातली गेली. आज मात्र पिएरफों हे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि कारकासोन १९९७ साली जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा व्हियोले-ल-द्युकचे कामही त्याच्या महत्त्वाचा भाग मानले गेले.

पण ती मान्यता मिळेपर्यंत इमारत उभी राहावी लागते, आणि तिची दुरुस्ती करता यावी लागते. शांबॉरचा एखादा त्युफो झिजला की पाथरवट तो चिरा काढून त्याच मापाचा नवा कापून बसवतात; काही वर्षे तो शेजारच्या करड्या चिऱ्यांमध्ये पांढराशुभ्र उठून दिसतो. आमच्या त्या प्रवेशद्वारावरच्या खांबाचे भोक मात्र पुढच्या वेळी गेलो तेव्हा खाकी चिकटपट्टीने झाकलेले होते, आणि पट्टीवर दगडाचा रंग दिलेला होता.